आधी झटकून ये

४ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र तुला आत्ता मिळणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे. तुमच्या खात्याने आमच्या घरासाठी एक माणूस नेमला आहे. चंद्रावर जाणाऱ्यांच्या नातेवाइकांना सांभाळायचं, हे त्याचं काम. मी त्याला निरोप्या म्हणते. काल तो येऊन नियम समजावून गेला. विलगीकरणात बसलेल्यांना फक्त आनंदाची पत्रं देतात. मन हलेल असं काही असेल तर ते त्याच्या कपाटात राहतं आणि माणूस परत आला की एकगठ्ठा हातात पडतं. मी म्हटलं, मग माझी सगळी कपाटातच ठेवा. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

दुसरा नियम त्याने घसा खाकरून सांगितला. जाण्याआधी प्रत्येकाला विचारून ठेवतात की घरी कुणी गंभीर झालं, किंवा गेलं, तर तिकडे कळवायचं की परत आल्यावर? तू 'लगेच कळवा' म्हणालीस म्हणे. आणि कळवण्यासारखं काही आहे की नाही हे मी ठरवायचं, कारण बाबा माझ्याकडे आहेत. बघ कशी गंमत आहे. एवढी शिकलीस, एवढी उडालीस आणि शेवटी दोरी माझ्याच हातात देऊन बसलीस.

डॉक्टर परवा म्हणाले की बाबांच्या फुप्फुसांत आता दगडच जास्त आहे. हा महिना, फार तर पुढचा. निरोप्याने वही उघडून विचारलं, वडील कसे आहेत? मी म्हटलं, बरे आहेत, खोकला काय जुनाच आहे.

का, ते विचारशील. तुझं नाव यादीत लागलं तेव्हा बाबांना ऑक्सिजन लागून महिना झाला होता. मी तेव्हाच सांगितलं होतं, माझ्या दारात पाय ठेवायचा असेल तर ती जागा सोडून ये. तू जागा घेतलीस. आता शेवटच्या क्षणी धावत येऊन, जागा सोडून, सगळ्या जगाकडून 'काय मुलगी आहे' म्हणवून घ्यायची सोय मी तुला करून देणार नाही. निवडलंस ना? मग पुरतं निवड.

बाबा रोज विचारतात, "भिंगरीचा फोन आला?" मी सांगते, कामात आहे.

ताई

१२ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं यान नुसतं उभं असलेलं दिवसभर टीव्हीवर दाखवतात. बाबांच्या खाटेसमोर टीव्ही आहे. ते बघतात आणि मी त्यांची थुंकी पुसते. अशी आम्हा दोघांची वाटणी आहे.

धूळखोलीत मी नक्की काय करते हे तू कुणाला कधी सांगितलं नसशील, म्हणून निरोप्याला मीच सांगितलं. ज्वालामुखीचा दगड दळून आम्ही चंद्राची माती बनवतो. इथली धूळ वाऱ्यापाण्यात घासून घासून गोल होते. तिथे वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कणाला लाखो वर्षं धार राहते. वर उन्हामुळे त्यात वीज भरते, मग तो कापडाला असा चिकटतो की झटकून जात नाही. सूट खातो, सांधे खातो, काच खरवडतो. मागच्या पिढीतले गेले ते तीन-चार दिवसांच्या वर तिथे राहिले नाहीत, म्हणून निभावलं. तुम्हाला राहायचं आहे. चंद्रावर परत जायचं म्हणजे या धुळीतून माणूस आणि यंत्र दोन्ही शाबूत ठेवायचं, आणि ते माझं काम आहे. निरोप्याने विचारलं, श्वासात गेली तर? मी बाबांच्या खोलीकडे बोट केलं.

फरशीच्या कारखान्यातून बाबा यायचे ते तुला आठवतं का? आठवत असणारच. पांढरेफटक, भुवयांसकट. आई दारात उभी राहायची. म्हणायची, "आधी झटकून ये." ते बाहेर शर्ट काढून भिंतीवर आपटायचे. मी आईच्या शेजारी उंबऱ्याच्या आत उभी असायची, कारण सांगितलं होतं की बाहेर जायचं नाही. तू आईच्या हाताखालून निसटायचीस आणि जाऊन त्यांच्या त्या शर्टात तोंड खुपसायचीस. दोघं पांढरे होऊन हसायचात. मग मार कुणाला? मला. तुला धरलं नाही म्हणून.

मला ताई म्हणायला त्यांनी तू झाल्यावर सुरुवात केली. त्याआधी मला एक नाव होतं.

ताई

१९ फेब्रुवारी

भिंगरी,

गळलं तुमचं यान. टाकीत भरतात ते इंधन इतकं थंड आणि इतकं पातळ की सुईच्या टोकाएवढी फट मिळाली तरी निसटतं. सुटायला थोडाच अवधी असताना कुठल्याशा जोडातून निसटलं आणि तुम्हाला सगळ्यांना शिडीवरून खाली उतरवलं. टीव्हीवर तुझं तोंड एवढंसं झालेलं दिसलं. मला बरं वाटलं. लपवून काय करू?

तिकडे वर पृथ्वीभोवती तुमची उतरायची गाडी वाट बघत फिरते आहे. तिच्या टाक्या भरायला एकामागून एक टँकर पाठवले, त्यातलंही रोज थोडं उडून जातं म्हणे. म्हणजे जोड लवकर दुरुस्त झाला नाही तर सगळंच पहिल्यापासून.

निरोप्या म्हणाला, आठवडाभर विलगीकरण उठलं आहे, त्यांना कुटुंबाला भेटता येईल. मी म्हटलं, तिला सांगा वडील बरे आहेत, त्रास घेऊ नको. दोन दिवसांनी तो सांगत आला की तू सरावकेंद्रातच राहणार आहेस. बाबांना मी तसंच सांगितलं. जसंच्या तसं, तुझ्या शब्दांत. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. बाबांकडे बघायला ठेवलेल्या नर्सबाईंना ते आवडलं नाही. त्या दिवसभर भांडी आपटत होत्या.

एक मात्र झालं. वरून पत्र आलंय की हातमोज्याच्या मनगटाच्या कडीची चाचणी पुन्हा घ्या. मोजा बाहीला जोडतो ती कडी, तिच्या आत रबराचं सील असतं. सावलीतली थंडी धरून, धूळ टाकून, दिवसभर फिरवून बघायची आहे. मागणी प्रवाशांकडून आली आहे आणि माझं नाव घालून आली आहे. साहेबांनी सगळ्यांदेखत वाचून दाखवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुला कबूल करावं लागलं की एक गोष्ट मला तुझ्यापेक्षा चांगली येते. त्या दिवशी मी डबा चवीने खाल्ला.

ताई

२३ फेब्रुवारी

भिंगरी,

चाचणी काल झाली. फोन बाहेर ठेवायचा, दार बंद करून घ्यायचं, आणि धूळ खाली बसेपर्यंत बाहेर यायचं नाही, अशी आमची पद्धत. सकाळी आत गेलेली मी दिवेलागणीला बाहेर आले. आत एक यांत्रिक मनगट असतं. ते वळतं, थांबतं, परत वळतं, आणि मी काचेतून बघत बसते. भाजीवालीकडे उभं राहिल्यासारखं काम आहे, नजर हटली की काहीतरी सडकं पिशवीत.

आणि सापडलं. थंडीत रबर ताठ झालं, त्यात एक कण शिरला आणि सीलला आडवी चीर पाडली. केसाएवढी. उबेत याच सीलने मागच्या वेळी शंभर टक्के काढले होते. तुझा हात सावलीत आणि उन्हात आलटून-पालटून जाणार, कारण तुम्ही उतरणार त्या ध्रुवावर सूर्य डोक्यावर येतच नाही, क्षितिजाला टेकून फिरतो. चीर वाढली असती तर मनगटातून हवा गेली असती. मी लिहून दिलं. सगळ्यांच्या कड्या बदलतायत.

घरी आले तर दुसरंच नाटक. बाबा उशांना टेकून बसलेले आणि अंगात कारखान्यातला तो खाकी शर्ट. पेटीच्या तळातून काढायला लावला म्हणे. कॉलरमध्ये अजून पांढरं होतं. ज्या धुळीने त्यांची फुप्फुसं खाल्ली तीच अंगावर घेऊन बसलेत आणि चेहरा पोटभर जेवलेल्या माणसासारखा. मी नर्सबाईंना फैलावर घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना हवा होता." शर्ट काढताना बाबांनी माझा हात धरून ठेवला. भ्रम सुरू झाला असं डॉक्टरांना कळवलं आहे.

ताई

२ मार्च

भिंगरी,

बातमी ऐक. बाबा तुझी चौकशी करायचे थांबलेत. चाचणीच्या दिवसापासून एकदाही नाही. टीव्ही बंद कर म्हणतात. मला जवळ बसवतात आणि माझ्या धूळखोलीबद्दल विचारतात. कण केवढा, चाळता कशाने, तोंडाला काय बांधतेस. काल म्हणाले, "ताई, तुझ्यावाचून माझं काही चालायचं नाही." हे वाक्य ऐकायला मला केस पांढरे करावे लागले.

तू त्यांच्या मनातून उतरलीस. तुला बसायचा तो पहिला धक्का हा आणि तो मीच द्यावा म्हणून तारीख घालून लिहून ठेवते आहे.

तूही काही कमी नाहीस. निरोप्या आज खाली मान घालून सांगत होता की तू तुझं उत्तर बदललंस. आता 'परत येईपर्यंत काही कळवू नका' असं लिहून दिलंस. म्हणजे बाप मेला तरी तुझ्या खेळात व्यत्यय नको. मी दार लावून घेतलं आणि खूप वेळ हसले. मला वाटत होतं मी दुष्ट आहे.

ताई

१५ मार्च

भिंगरी,

सुटलात एकदाचे आणि उतरलातही. आम्ही दोघांनी बघितलं. बाबांनी स्वतःहून टीव्ही लावायला सांगितला.

तुम्ही खाली येताना इंजिनाच्या झोताने जी धूळ उडाली ती बघून मी बाबांच्या खाटेवरच बसले. तिथे हवा नाही, त्यामुळे उडालेला कण हवेत तरंगत नाही, गोळीसारखा सुटतो. खाली काही दिसेना. सावल्या एवढ्या लांब की खड्डा कुठला आणि सावली कुठली कळू नये. तुझा आवाज मात्र शांत होता. उंची सांगत होतीस, वेग सांगत होतीस, भाव सांगावा तशी. बाबांनी माझी बोटं धरली होती, ती टेकल्यावर सोडली.

म्हणाले, "पोचली." मग झोपले.

ताई

१९ मार्च

भिंगरी,

बाबा परवा गेले. दुपारी. मी शेजारी होते, नर्सबाई औषध आणायला गेल्या होत्या. शेवटी म्हणाले, "ताई, खिडकी लाव, धूळ येतेय." खिडकी बंदच होती. मी उठून हात लावून आले. तुझं नाव नाही, निरोप नाही, काही नाही. तू विचारशील म्हणून सांगून ठेवते.

सगळं उरकलं. तुझ्या वाटचंही मीच केलं.

आणि आज तुझा फोन. आठवड्यातून एकदा घरच्यांशी बोलायची सोय. निरोप्या स्क्रीन जोडून देऊन बाहेर जाऊन उभा राहिला. माझ्याशी तू वर्षभराने बोलत होतीस, तेही त्या डबड्यातून, गालावर राखाडी डाग घेऊन. आवाज जायला यायला वेळ लागतो. मी काही बोलले की तू तशीच बघत राहायचीस, मग ऐकू आल्यासारखी व्हायचीस. तिथल्या धुळीचा वास सांगितलास, फटाके उडून गेल्यावर येतो तसा. म्हणालीस, आत येण्याआधी एकमेकींना ब्रशने झाडतो, तरी येतेच आत. माझी कडी चांगली चालते आहे म्हणालीस.

मग विचारलंस, "बाबा?"

मी म्हटलं, "झोपलेत."

तू तशीच बघत राहिलीस. आवाज पोचायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ. मग म्हणालीस, "झोपू दे."

विश्वास बसला तुझा. आता हसत दगड गोळा कर. परत आलीस की निरोप्या ही पत्रं क्रमाने देईल, मी त्याला बजावून ठेवलं आहे. प्रत्येक दिवशी तू काय करत होतीस आणि इथे काय चाललं होतं, ते जोडून जोडून वाचायचं. बसून वाच. पायात बळ नसेल तेव्हा.

ताई

२९ मार्च

भिंगरी,

आज तू खाली येणार होतीस. मला बघायचं नव्हतं, पण टीव्ही बंद करायला उठले आणि तिथेच उभी राहिले. चंद्रावरून येणारं यान इतक्या वेगात हवेत शिरतं की पुढचं कवच जळत जातं, आणि तेवढा वेळ संपर्क नसतो. बाबांच्या खाटेचा दांडा धरून मी उभी होते. मग छत्र्या दिसल्या.

दांड्यावरचा हात काढता येईना. बोटं एकेक करून सोडवावी लागली. याचा अर्थ तुला हवा तो लावू नकोस.

ताई

२१ एप्रिल

भिंगरी,

हे निरोप्याकडे देत नाही, टपालात टाकते आहे. कपाटात राहण्यासारखं आता माझ्याकडे काही उरलं नाही.

काल तू आलीस. जिना चढताना कठड्याला धरत होतीस, वरच्या मजल्यावरून मी बघत होते. पाय अजून तुझे झालेले नाहीत. हातात माझ्या पत्रांचा गठ्ठा. मी दार उघडलं ते फक्त तुझा चेहरा बघायला. एवढे दिवस त्याचीच तर वाट बघितली. रडून सुजलेला असेल, माफी मागशील, किंवा अंगावर धावून येशील. मी सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती.

तू म्हणालीस, "ताई, मी आले होते."

मला कळेना.

"तुझ्या चाचणीच्या दिवशी. बाबांनी नर्सबाईंच्या फोनवरून बोलावलं. सबंध दिवस होते त्यांच्याजवळ. तो शर्ट मीच घालायला लावला."

मी चौकट धरली. मग विचारलं, तो दिवस कुणी ठरवला. तू म्हणालीस, बाबांनी. ताई घराबाहेर असते आणि फोन उचलू शकत नाही असा एकच दिवस असतो, ती धूळखोलीत असते तो. त्यांना पाठ होतं ते.

"आणि चाचणी?"

तू खाली बघितलंस. "ती मी मागितली. कडीबद्दल तेव्हा कुणालाच शंका नव्हती, ताई. तुला दिवसभर आत ठेवायला काहीतरी हवं होतं."

यानंतर तू थांबायला हवं होतंस. तेवढं पुरलं असतं. पण तुला वाटलं, पुढचं सांगितलं तर माझं दुःख हलकं होईल. लहानपणापासून तुझं असंच आहे, धूळ घेऊन अंगावर येतेस आणि त्याला प्रेम म्हणतेस. म्हणालीस, "त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाले, ताईला कळू द्यायचं नाही. तिने माझं फार केलंय. आता तुझं नाव काढणार नाही. तिला वाटू दे, मी तिचाच आहे."

म्हणजे ते बंद झालेले प्रश्न. ती धूळखोलीची चौकशी. ते वाक्य, ज्याच्यासाठी मी केस पांढरे केले. तुम्ही दोघांनी बसून माझ्या ताटात वाढायचं ठरवलंत आणि मी ते मिटक्या मारत खाल्लं, वर तुला पत्रातून दाखवत राहिले. तू सगळी वाचलीस. 'बाबा तुझी चौकशी करायचे थांबलेत' हेही वाचलंस. वाचताना तुला माझी कीव आली असणार, आणि 'झोपलेत' म्हणाले तेव्हाही. ते लोक ज्याला गंभीर बातमी म्हणतात ती तुला सगळी आधीच माहीत होती, म्हणून तर 'काही कळवू नका' लिहून दिलंस. कळवायची राहिली होती ती मला.

एक गोष्ट तू वाचलीस, पण तिचं नाव काढलं नाहीस. तुझ्या खोट्या चाचणीत चीर खरी सापडली. बघत बसायचीही गरज नव्हती, तुम्हाला तर मी फक्त आत हवी होते. पण मी डोळ्यांत तेल घालून बघितलं आणि लिहून दिलं. तुझा उजवा हात मनगटाच्या पुढे जिवंत आहे तो त्यामुळे. काल तोच हात तू पुढे केलास.

तू उंबऱ्यापर्यंत आलीस. दोन्ही हात पसरून, लहानपणी बाहेर धावायचीस तशी, फक्त या वेळी आत यायला. तुझ्या अंगावर धुळीचा कण नव्हता. स्वच्छ, इस्त्रीचे कपडे.

मी म्हटलं, "आधी झटकून ये."

आणि दार लावून घेतलं.

तू किती वेळ बाहेर उभी होतीस ते मला माहीत आहे. मी आतून दाराला टेकून उभी होते. तू हाक मारलीस, माझ्या नावाने, तू जन्मायच्या आधीच्या. ते तुला बाबांनीच सांगितलं असणार, त्या दिवशी. मी ओ दिली नाही. आत राहायला सांगितलं तर मी आत राहते, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे.

ताई